तीन ठिपक्यांची जागा

शाहूपुरीत इम्तियाज बागवानच्या दुकानी
मी तिसऱ्यांदा आलोय, पिशवीत एकच डिस्क घेऊन.
प्रोजेक्टर झालाय घरी, बंद पडलेल्या एका क्लासचा,
काचेवर अजून खडूची धूळ होती, धोतराच्या फडक्यानं पुसली.
भिंतही झालीय. वरच्या खोलीतली, दोन हात चुना.
कोपऱ्यात ओल आहे, ती चित्राबाहेर राहील
असं माप काढलंय.
राहिला प्लेअर.

"साधा न्हेलासा तर काका,
आठ फुटावर ताणलं की चित्र फाटतंय.
डिस्कवर ओळी पाचशे शहात्तर,
ह्यो त्याच्या हजार ऐंशी करतोय."
"मग वरच्या पाचशे चार आणतोय कुठनं?"
इम्तियाज मान खाजवतो.
"शेजारच्या ठिपक्यास्नी इचारतोय.
मधी काय असंल, त्येचा अंदाज."

अंदाज.
आमच्या घरात एकवीस वर्षं तोच चाललाय.

अठ्ठ्याऐंशी साल, खासबाग.
लग्नांचं शूटिंग करणाऱ्या गणपत शिर्क्यानं
हौसेनं काढलेली टेप, पुढं कधीतरी डिस्कवर उतरवलेली.
हलगी कडाडतेय, आणि माझा थोरला, हिंदुराव,
खाली.
उजवा खांदा टेकलेलाच. प्रश्न डाव्याचा.
पंचांनी हात वर केला आणि मैदान दोन्ही बाजूंनी ओरडलं.
आई जाईपर्यंत म्हणाली, टेकला न्हाई.
चुलते म्हणाले, टेकला, आम्ही समोर होतो.
समोर मीही होतो.
त्या क्षणी पायरीखाली गेलेली चप्पल शोधत होतो.
हे अजून कुणाला बोललो नाही.

"तीन लावून दाखव," मी म्हणालो, "याच डिस्कवर."

साडेतीन हजारवाल्यात
लांगेच्या कडेला करवतीचे दात.
अकरा हजारवाल्यात
हिंदुराव मेणाचा, घाम गेला,
पाठीवरची तांबडी मातीसुद्धा इस्त्री केल्यागत.
मधल्यात थोडा रवा शिल्लक होता.
तो क्षण आला तेव्हा मी बटण दाबून घेतलं, तिन्ही वेळा.
खांदा आणि जमीन यांच्यामध्ये
तीन ठिपके मावतील एवढी जागा.
पहिल्यानं तिथं काहीच धड भरलं नाही.
तिसऱ्यानं माती उचलून खांद्यापासून लांब नेली,
आईच्या बाजूचा निघाला.
मधल्यानं कातडी भरली.
टेकवला.

गिऱ्हाईक थांबलं होतं, इम्तियाज घड्याळ बघत होता.
त्याच्या पोराला भूक लागलेली,
तो वायरींच्या ढिगाऱ्यावर बसून चिरमुरे खात होता.

मधलाच घेतला. सहा हजार आठशे, केबल वेगळी.
त्याच्या रिमोटची बटणं मोठी आहेत,
हिंदुरावाच्या बोटाखाली एका वेळी एकच येईल.

आयतवारी तो आला, दुधाचा टेम्पो गल्लीच्या तोंडाला लावून.
जिना चढताना दोनदा थांबला.
फुटलेला कान भिंतीकडे करून बसला,
त्या कानानं आता काही ऐकू येत नाही
तरी हलगीला त्याची मांडी हलली.
मी रिमोट त्याच्या हातात दिला.
पंखा घुंइघुंइ करत होता, प्रोजेक्टरचा.
उजेडाच्या पट्ट्यात चुन्याची धूळ.

भिंतीवर तो खाली आला. आठ फुटाचा.
मी बटणाकडे बघत होतो.
त्यानं दाबलं नाही.
खांदा गेला, पंच गेले, माणसं मैदानात उतरली,
शिर्क्याचा कॅमेरा कुणाच्या तरी फेट्यावर आदळला आणि
काळं झालं.

बराच वेळ काही बोलला नाही.
मग पायाची बोटं फरशीवर घासत म्हणाला,
"माती लै चांगली केलती रं त्या साली.
ताक जरा जादाच वतलं हुतं,
पर वास बघ,
अजून येतोय."